कागदावरचा थोरला

काजवाली म्हणूनच सगळी गल्ली तिला ओळखायची. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर बसून ती दिवसभर शर्टांना हातानं काजं घालायची. मशीनचं काज वर्षभरात उसवतं, हिचं काज शर्ट विरला तरी जागचं हलायचं नाही. हात असा, पण डोळा मात्र कामावर कमी आणि धाकट्या जावेवर जास्त.

आता खोटं कशाला बोला, बाई मुळातच जळकी. या घरात आधी आली ही, चांगली तीन वर्षं आधी. मग धाकटी आली आणि दोघींना दिवस गेले ते एकदमच. ही मनात म्हणाली, असू दे, आधी मोकळी होईन मीच. तर कसलं काय! धाकटी अकरा दिवस आधी बाळंत झाली. मुलगा झाला, घरातला पहिला नातू! सासऱ्यांनी दारोदार सांगितलं, सासूबाई त्याला खाली ठेवीनात. अकरा दिवसांनी हिलाही मुलगाच झाला, पण तोवर सगळ्यांचं कौतुक करून दमून झालं होतं. "हाही छान आहे हं," असं सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दावर काजवालीनं पुढची पाच वर्षं दात खाल्ले.

पाच वर्षांनी शाळेचा विषय निघाला. जन्माचा दाखला दोन्ही पोरांचा कुणी काढलाच नव्हता; आई सांगेल ती तारीख मास्तर लिहून घ्यायचे. धाकटीचा मुलगा, त्याला सगळे चिमण्या म्हणायचे, वयाला जरा कमी पडत होता, म्हणून त्याला पुढच्या वर्षी घालायचं ठरलं. काजवालीनं काय करावं? कुणाला न सांगता आपल्या पोराचा हात धरला, शाळेत गेली आणि त्याचं वय सरळ एका वर्षानं वाढवून आली. मास्तर म्हणाले, "एवढंसं दिसतंय की हो पोरगं!" ही म्हणाली, "खात नाही मेला."

झालं! कागदावर तिचा मुलगा थोरला झाला. त्याला ती शेठ म्हणायला लागली. पुढं सासू-सासरे गेले, भावाभावांची बिऱ्हाडं वेगळी झाली, ही खाली आणि धाकटी वरच्या मजल्यावर, अंगण तेवढं एक राहिलं. धाकटीला सगळं ठाऊक होतं, पण तिनं कधी हूं की चूं केलं नाही. उलट चिमण्याला सांगितलं, "दादा म्हण त्याला." काजवालीला त्याचाही रागच आला. बघा कशी साळसूद, म्हणाली. आणि शेठला उठता-बसता एकच ऐकवायची, "तू मोठा आहेस ना? मग पुढं हो!" मारामारी असो, रांग असो, विहिरीत उडी मारायची असो, शेठ पुढं आणि चिमण्या मागं.

दोघं साडेसतराच्या आसपासचे असताना एका दुपारी त्यांनी घात केला. गल्लीपलीकडचं मोबाईलचं दुकान जेवणाच्या वेळी बंद असायचं. दोघांनी सळईनं त्याचं मागचं दार उचकटलं. म्हातारा राखणदार आडवा आला, झटापट झाली आणि त्याचा हात मोडला. संध्याकाळपर्यंत दोघंही चौकीत. हवालदारानं विचारलं, "मोठा कोण रे तुमच्यात?" शेठ छाती काढून पुढं झाला. म्हणाला, "मी."

शाळेतून कागद आले. चिमण्या सतराचा म्हणून त्याला मुलांच्या सुधारगृहात नेलं. शेठ कागदावर साडेअठराचा, म्हणजे चांगला बाप्या, तो मोठ्या तुरुंगात. गुन्हा एक, सळई एक, दुपारही तीच. पेपरात बातमी आली तेव्हा शेठचं नाव, आडनाव, पत्ता सगळं छापलं होतं, आणि चिमण्यापुरतं नुसतं "एक अल्पवयीन मुलगा". काजवालीनं ती बातमी तीनदा वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नाव झाकायचं तर तेवढं धाकटीच्याच पोराचं!

तीन आठवड्यांत चिमण्या घरी आला. दर पंधरा दिवसांनी एका अधिकारी बाईंना तोंड दाखवायचं आणि काहीतरी काम शिकायचं, एवढीच अट. तो फ्रिज दुरुस्त करायला शिकू लागला. अंगणात दोन दोऱ्या होत्या वाळत घालायला. धाकटीच्या दोरीवर रोज चिमण्याचा शर्ट वाळायचा, निळा, चौकडीचा, पांढरा. काजवालीच्या दोरीवर तिचे आणि नवऱ्याचेच कपडे. नवरा ट्रकवर, महिन्यात चार दिवस घरी, तोही मान खाली घालून. सकाळी दार उघडलं की हिची नजर आधी धाकटीच्या दोरीवर जायची. एकदा तर तिनं येता-जाता मुद्दाम त्या निळ्या शर्टाला कोपर मारलं, तो मातीत पडला, आणि ही तशीच कामाला निघून गेली. दिवसभर काजं वाकडी पडली.

तुरुंगात भेटीला गेली की जाळीपलीकडे शेठ दिसायचा. पन्नास-पन्नास वर्षांच्या माणसांत त्याला झोपायला मोरीशेजारची जागा मिळाली होती. दुसऱ्या भेटीला त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण नव्हतं. "कुणी तोडलं रे?" तर म्हणाला, "तुटलं." तिसऱ्या भेटीलाही तसंच. आत सुई नेता येत नव्हती. गल्लीभराची बटणं लावणारी बाई, आणि पोटच्या पोराचा गळा उघडा! चौथ्या भेटीला तो बोलेनासाच झाला.

सरकारकडून वकीलबाई मिळाल्या होत्या, तरुण, तोंडाच्या फटकळ. त्यांना काजवालीनं अखेर रडत रडत खरं काय ते सांगितलं. बाई जागच्या उठल्याच. "अहो, चार महिने गप्प काय बसलात? घटनेच्या दिवशी तो अठराच्या आत होता हे सिद्ध झालं, तर खटला मुलांच्या मंडळाकडे जाईल. आज काही पुरावा आहे का?"

पुरावा एकच होता. लसीकरणाचं कार्ड. दवाखान्यानं तेव्हा घराला एकच दिलं होतं, त्यावर दोन्ही बाळांच्या जन्मतारखा नर्सच्या अक्षरात, खाली-वर. आणि ते कार्ड होतं धाकटीच्या पेटीत.

चौदा पायऱ्या होत्या वर जायला. काजवाली सातव्या पायरीवरून दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा धाकटी चिमण्याचा डबा भरत होती. आत चिमण्या स्क्रू वेगळे करत बसला होता. ते बघूनच हिच्या पोटात दुखायला लागलं.

"कार्ड हवंय," काजवाली म्हणाली.

धाकटीनं डबा खाली ठेवला. "चार महिने वाट बघतेय तुमची, जाऊबाई. मी आपण होऊन आले असते तर तुम्ही दार लावून घेतलं असतंत."

"देणार की नाही?"

"देणार. साक्षीलाही येणार. पण का केलंत ते तिथं विचारतील. ते मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. माझ्या पोराचा शर्ट मातीत पाडायला येतं, तेवढं बोलायलाही यायला हवं."

काजवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण कार्ड घेतलं आणि खाली आली.

वकीलबाईंनी उत्तर घोकून घेतलं होतं: "अडाणीपणामुळे चूक झाली, साहेब." कोर्टात डॉक्टर म्हणाले, हाडांवरून सतरा ते एकोणीस, नक्की सांगता येत नाही. कार्ड दाखवलं. धाकटीनं साक्ष दिली, शांतपणे, इकडचा शब्द तिकडे नाही. मग न्यायाधीशांनी काजवालीला विचारलं, "वय का वाढवलंत?"

तिनं "अडाणी" म्हणायला तोंड उघडलं. समोर धाकटी बसली होती, मांडीवर हात ठेवून. शेजारी चिमण्या, धुतलेल्या शर्टात, सगळी बटणं जागच्या जागी. पिंजऱ्यात शेठ.

"हिचा आधी झाला, साहेब," काजवाली म्हणाली. "अकरा दिवस आधी. ते मला बघवलं नाही. माझा मोठा व्हायला हवा होता, म्हणून मी केला. मी जळत होते, साहेब. आजही जळते."

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर आला. घटनेच्या दिवशी मुलगा अठराच्या आत होता, खटला मुलांच्या मंडळाकडे पाठवा, तुरुंगातून आजच हलवा. वकीलबाईंनी काजवालीचा हात घट्ट दाबला.

गाडी यायला वेळ होता. कोर्टाच्या व्हरांड्यात शेठ बाकावर बसला, बाजूला पोलीसबाई. काजवालीनं पिशवीतून सुई-दोरा आणि एक पांढरं बटण काढलं आणि विचारलं, "लावू का, बाई?" पोलीसबाईंनी सुई बघितली, काजवालीकडे बघितलं. "लवकर," त्या म्हणाल्या.

ती त्याच्यासमोर वाकली. इतक्या जवळून तिनं त्याला कितीतरी महिन्यांनी बघितलं. हनुवटीवर धड दाढीही फुटली नव्हती. पहिला टाका घातला तेव्हा तो अटकेनंतर पहिल्यांदा आपण होऊन बोलला.

"म्हणजे चिमण्या मोठा?"

"हो."

"आणि मी लहान?"

"हो रे बाळा."

तो तिच्या हाताकडे बघत म्हणाला, "दाराशी गेल्यावर चिमण्या म्हणाला होता, दादा, चल परत जाऊ. मी त्याला शिवी दिली. म्हटलं, मोठा मी आहे, मी घाबरत नसतो." त्यानं मान वर केली. "आई, मलाही परतच जायचं होतं गं."

सुई बटणाच्या भोकात तशीच राहिली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि पोलीसबाई म्हणाल्या, "चला, आटपा." अजून दोन टाके राहिले होते.