मेळाचं माप

म्हसळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत आवडाबाई राहायची. भाताची कामं उरकली की तिचे हात काथ्याचं सुंभ वळण्यात गुंतायचे. वाडीतल्या बहुतेक बैलांच्या गळ्यातली दावी तिच्याच हातची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण सुंभाचा वीतभर तुकडा वाया गेला, तरी त्या दिवशी तिला घास गोड लागत नसे.

१९५७ साली वाडीनं श्रमदानातून शाळा उभी केली. पोरं छत्तीस, आणि बसायला नुसती सारवलेली भुई. तेवढ्यात देवळामागचा जुना फणस वाऱ्यानं आडवा झाला. गावकीनं ठरवलं, याचेच बाक करायचे. फणसातून तीन फळ्या निघाल्या: एक साडेदहा फूट, दुसरी चौदा, तिसरी साडेसतरा.

रघू सुतार करवत घेऊन आला. "गुरुजी, चार-चार फुटांचं तुकडं करतो. नऊ बाक व्हतील, बाकावर तिघं तिघं."

"म्हणजे सत्तावीस," शरच्चंद्र गुरुजी म्हणाले. "उरलेली नऊ पोरं?"

"भुईवर. लाकूडच तेवढं हाय."

आवडाबाई अंगणात सुंभ घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "आन् फळीची उरतील ती टोकं?"

"चुलीत, काकी."

चांगलं फणसाचं लाकूड चुलीत! तिला राहवेना. "थांब रं जरा," म्हणत तिनं पदर खोचला.

तिनं आखूड फळी लांब फळीवर ठेवायला लावली. लांब फळी जेवढी पुढे आली, तेवढं सुंभ मापून धरलं. ते माप आखूड फळीवर लावलं. एकदा बसलं आणि फळी थोडी उरली. मग त्या उरलेल्याचं नवं माप घेतलं आणि पहिल्या मापावर लावून पाहिलं. बरोबर दोनदा! मधल्या फळीवर तेच माप टाकलं, तर चारदा. कणभर उरलं नाही.

"ह्या मापानं काप," ती म्हणाली. "ह्याच्याहून मोठं माप तिघींत बसायचं न्हाय."

गुरुजींनी फूटपट्टी लावली. साडेतीन फूट! तीन, चार आणि पाच, मिळून बारा बाक. खेटून बसलं की बाकावर तिघं, म्हणजे छत्तीस. गुरुजी धावत आत गेले, पाटी घेऊन आले. फळ्यांचे इंच मांडले: एकशे सव्वीस, एकशे अडुसष्ट, दोनशे दहा. आधी दोनाने भागले, मग तिनाने, मग साताने. राहिले तीन, चार, पाच. त्यांना एकत्र भागणारं आता काही उरलं नाही. दोन त्रिक सहा, सात सक बेचाळीस. बेचाळीस इंच म्हणजे साडेतीन फूटच.

"आवडाबाई, पुस्तकात याला महत्तम साधारण विभाजक म्हणतात."

"येवढं लांब नाव? माझी आई मेळाचं माप म्हनायची."

पुढच्याच आठवड्यात गुरुजींनी तिला चौथीच्या वर्गात बोलावलं. ती दारातच अडखळली. पोरं नव्या बाकांवरून टकमक बघत होती. पण सुंभ हातात आलं आणि भीती पळाली. तिनं आठ वितींच्या आणि बारा वितींच्या सुंभांतून चार वितींचं माप काढून दाखवलं.

मागून केसर नावाची मुलगी उठली. "आवडाकाकी, मेळच नसला तर? एक आठ विती, एक पंधरा?"

आवडाबाई लगेच सुंभ मापायला बसली. पंधरातून आठ गेले, सात उरले. आठातून सात गेले, एक वीत उरली. ती वीत तिनं सगळ्यांपुढे धरली.

"मेळ न्हाय असं नसतंच गं पोरी. काय न्हाय तर येक वीत तरी निघतीच."

गुरुजींनी फळ्यावर एकाचा आकडा काढला. आवडाबाईनं खडू मागितला आणि त्याच्या शेजारी तसाच एक स्वतः काढला. जरा वाकडा आला. पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि ती लाजून हसत मागे जाऊन केसरशेजारी बाकावर टेकली.