पोटच्या पोराला घरबंदी

"माझाच पोट्टा आहे तो. त्याचे गुण मले नका शिकवू!" असं म्हणताना काकू पदर कमरेला खोचायच्या. पदर खोचला की समोरच्याने आपली चप्पल शोधावी, हे आमच्या चौबे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरगा सिलतऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. दारू प्यायला की बायकोवर हात उचलायचा. एकदा तिचा जबडाच मोडला. तेव्हा काकूंनी सुनेला हाताला धरून संरक्षण अधिकाऱ्याकडे नेलं, तिथून कोर्टात, आणि स्वतः साक्षीला उभ्या राहिल्या.

पोराच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "माताजी, घर में चार बर्तन हों तो खटकते ही हैं ना?"

"बर्तन नहीं खटका साहब, जबड़ा टूटा है. मैं बगल के कमरे में थी."

आदेश निघाला. पोराने घरात पाऊल ठेवायचं नाही.

मग या हिंदी मुलखातली आमची मराठी मंडळी जागी झाली. सुनेचे दात तारेने बांधलेले होते, तेव्हा यांतलं कुणी वाटीभर वरणाचं पाणी घेऊन आलं नव्हतं. आता मात्र येऊन येऊन काकूंना आईपण शिकवायला लागली. "माय आहे का कसाई?" तुम्हीच सांगा, तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय!

मी एकदा विचारलं, "काकू, वाईट नाही वाटत?"

"काहून नाही वाटत? रोज त्याच्या वाटचे तांदूळ काढते, न् परत डब्यात टाकते. पण दार नाही उघडणार."

काकू अचानक गेल्या. पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे तीच मंडळी. "आता तरी कोर्ट बाजूले ठेवा. मायच्या तोंडात पाणी घालू द्या."

सून बाहेर आली. "आईले आम्ही रस्त्यावर आणतो. त्यायनं आत यायचं नाही."

"काय बाई आहे!" कुणीतरी म्हणालं.

"आदेश काकूंनी मिळवलाय," मी ओरडलो. "त्या गेल्या म्हणून आदेश मेला नाही!"

आम्ही तिरडी बाहेर आणली. तो मोठ्याने रडला, आणि सगळे त्याचीच पाठ थोपटत राहिले. सुनेजवळ कुणी गेलं नाही.

घाटावरून परतताना मंडळींनी नवीन टूम काढली. काकू गेल्या तिथे लावलेल्या दिव्याचं दर्शन घेतल्याशिवाय पोराने कसं जायचं? त्यासाठी तरी आत घ्यावंच लागेल. बेशरम! मी संतापाने पुढे झालो.

फाटकाला आतून कुलूप होतं. दिवा सुनेने ओसरीच्या कडेला आणून ठेवला होता, रस्त्यावरून नीट दिसेल असा.