प्रल्हादकाकांच्या मराठी ओळी

प्रल्हादकाकांना कुणी सांगितला होता नसता उद्योग? पंचाहत्तरी उलटलेली, आयुष्यभर पूल बांधले, आता रिटायर होऊन इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये एकटे राहतात. स्वस्थ बसावं की नाही? पण चार महिने लॅपटॉपपुढे बसून त्यांनी एका जुन्या जपानी सामुराई सिनेमाचे सगळे संवाद मराठीत लिहिले, पडद्यावर खाली दिसतील असे.

सिनेमा ऐतिहासिक कादंबरीवरचा, काळा-पांढरा, चांगला तीन तासांचा. स्टेट कॉलेजला शिकत असताना त्यांनी तो नीलाकाकूंबरोबर पाहिला होता. काकू भारतातून नुकत्याच आलेल्या. इंग्रजी ओळ वाचून होईपर्यंत पुढची यायची. मग काका त्यांच्या कानात मराठीत सांगत बसले, मागच्यांची बोलणी खात. पुढे दर वर्षी दोघं तो बघायची. काकू जाऊन दोन वर्षं झाली. "एकट्याने बघवत नाही गं शुभा," ते मला म्हणाले होते. "शेजारी कुणीतरी शेवटपर्यंत बसायला हवं."

म्हणून रविवारी दोन वाजता कॉलनीच्या क्लबहाऊसमध्ये शो ठेवला. ग्रुपवर बावीस जणांनी "नक्की, काका" लिहिलं. त्यात मीही होते. पण माझ्या लेकीची, रुहीची सॉकर मॅच लांबली, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मला वाटलं, बाकीचे एकवीस आहेत की.

पावणेचारला मी तिथे गेले, ती आदल्या आठवड्यात विसरलेला माझा ट्रे आणायला. बावीस खुर्च्या मांडलेल्या, साबुदाण्याचे वडे झाकून ठेवलेले, आणि पहिल्या रांगेत काका. त्यांनी सिनेमा सुरूच केला नव्हता.

"ट्रॅफिक असेल," ते म्हणाले.

रविवारी दुपारी कसलं आलंय डोंबलाचं ट्रॅफिक. मला सगळ्यांचा संताप आला, माझा जास्त. मी त्यांच्या शेजारी बसले. "लावा काका. मी आहे ना."

त्यांचा चेहरा एवढा खुलला की मलाच बघवेना. सिनेमा सुरू झाला. काका मात्र पडद्याकडे बघतच नव्हते, मी वाचतेय का ते बघत होते.

"अक्षर मोठं करू का?"

"नको काका, छान दिसतंय."

तेवढ्यात फोनवर राजीवचा, माझ्या नवऱ्याचा मेसेज आला. पाचला माझ्या मैत्रिणीकडे, केयाकडे जायचं होतं, मी साफ विसरले होते. फोन पालथा घातला, पण काकांनी पाहिलंच.

"किती वाजता निघायचंय तुला?"

"साडेचारला. अर्धा तास आहे की अजून."

"मग नको." त्यांनी सिनेमा थांबवला. "अर्ध्यावर सोडून जायचा नाही हा. पुढच्या वेळी बघू."

"अहो, बसते ना काका," मी म्हणाले. पण खोटं कशाला बोलू? पडदा बंद झाला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि ते त्यांना दिसलं.