आप्पांचे मतदार परभणीत

निघोज्याच्या आप्पांवर अन्याय झाला. विधानसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुमारास, आमच्या गावातून आप्पांना पडलेल्या मतांचा आकडा बाहेर आला तेव्हा. आप्पांच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी नुसती डोकी मोजली असती, तरी त्याहून जास्त भरली असती. मी तिथेच मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पत्रक लिहायला घेतलं: 'जाहीर निषेध! मतांवर दिवसाढवळ्या दरोडा!!' उद्गारचिन्हांची मला कधीच टंचाई पडलेली नाही.

आप्पा मूळचे शेतकरी. निम्म्या शेतात कंपनी आली, उरलेल्यात त्यांनी खोल्या बांधल्या. चाकणच्या रस्त्यावर कंटेनर अडकले की भाडेकरू पोरं कामावर उशिरा पोचत आणि गेटवरूनच परत पाठवली जात. ते बघून आप्पा भडकले आणि त्या रस्त्यासाठी अपक्ष उभे राहिले. पण आमच्या या उमेदवाराला मत मागता येत नसे. दारात गेले की, "काय, शिफ्ट कंची? जेवला का?" एवढं विचारून पुढच्या दाराकडे! मी चिडलो, तर म्हणाले, "उंबऱ्यात उभं राहून मत मागायचं म्हंजी उसनी साखर मागितल्यागत वाटतं रं."

मग मागण्याचं काम मी घेतलं. मी 'कष्टकऱ्यांचा आमदार!' म्हणून घसा फोडायचो, पोरं शिट्ट्या मारायची, बाया आप्पांना ओवाळायच्या. चहा तर इतका, की प्रचार संपेपर्यंत मला पित्त झालं. गावात, आप्पांच्या भावकीत, चहा बेताचाच मिळे. मी तिकडे फिरकणंच सोडलं. क्रांती खोल्यांत होती, भावकीत कशाला वेळ घालवा?

मतदानाच्या सकाळी सगळ्या खोल्यांना कुलपं. मी आप्पांना म्हणालो, "बघा, उजाडायच्या आत रांगेला गेले!" आप्पांनी उपरण्याने डोळे टिपले. मीही टिपले.

निकालाच्या संध्याकाळी तीच पोरं आप्पांच्या ओट्यावर जमली. पुढे गणेश, परभणीकडचा.

"आप्पा, लई वंगाळ झालं. आमी सगळे तुमच्याच बाजूनं होतो बगा."

"मग मतं गेली कुठं?" मी ओरडलो.

"मतं? आमची मतं गावाकडं ना, भाऊ. तिकडच्या उमेदवारानं बस धाडली होती, सगळेच गेल्तो. आमचा माणूस निवडून आला की!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी माझं मतदार परभणीत व्हय? आन पत्रकवाले, तुमी भोंगा निघोज्यात फिरवत हुता!" ठसका लागेपर्यंत हसले. मग गणेशला म्हणाले, "निवडून आला न्हवं? मंग पेढं कुठायत?"

माझं पत्रक एव्हाना छापायला गेलं होतं. ते थांबवायला मी धावलो. निषेध करणार कोणाचा, परभणीच्या बसचा?

परत आलो तर ओट्यावर हसू नव्हतं. आप्पा विचारत होते, "पोरगं हितंच जलमलं तुजं. मग मत अजून तिकडं का?"

"हितं नाव कसं घालू, आप्पा? राहत्या पत्त्याचा कागद लागतो. मालक देत न्हाईत."

एवढं बोलून गणेशने जीभ चावली. मालक समोरच बसले होते.

त्या आठवड्यात आप्पांनी एकेका भाडेकरूला रीतसर भाडेकरार करून दिला. मतदार नोंदणीला नेताना रिक्षात स्वतः पुढे बसायचे. भावकीतले दादा पारावर म्हणाले, "आप्पा, उद्या ही बाहेरची माणसं सरपंच त्यांचाच करतील."

"करू दे की. मी उभा राहिलो तवा तुमी तरी कुठं मला आमदार केलं?"

दादांनी तंबाखू मळायला घेतली.

पुढची विधानसभा बघायला आप्पा राहिले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले. खांदा द्यायला पहिल्या शिफ्टची पोरं रजा टाकून आली होती, आणि रस्ता अजून तसाच असल्याने आम्ही सगळे कंटेनरच्या मधून वाट काढत गेलो. मी त्यांच्यावर श्रद्धांजलीचं पत्रक लिहायला बसलो, तर पहिल्याच ओळीला 'जाहीर' आलं. फाडून टाकलं.

हे वाचणाऱ्यांत रहाटणीचे, माणचे, चाकणचे खोलीमालक असतीलच. गेल्या वेळी तुम्ही कोणाला मत दिलंत ते मला सांगू नका. तुमच्या खोलीत जो राहतो, त्याला त्याच्या नावाचा भाडेकरार करून द्या. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. आज द्या.