कै.चं बटण

जगातल्या प्रत्येक कटकटीवर फंक्शन लिहिता येतं असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. चिंचोळी एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर, टेक्स्ट एडिटरमध्ये उतरवायला घेतला. एडिटरला आपण हातानं ज्या कमांड देतो, हे शोध, ते बदल, फाइल जतन कर, त्या ओळीनं एका फंक्शनमध्ये लिहायच्या आणि ते फंक्शन एका बटणाला बांधायचं, हा त्यांचा नाद. बारशाचं बटण वेगळं, लग्नाचं वेगळं. कोणी गेलं की त्या नावाच्या ओळीवर जाऊन एफ सात दाबायचं, नावाआधी 'कै.' लागायचं. एक अक्षर आणि एक टिंब, पण त्यापायी त्यांनी अख्खा आठवडा घालवला. मी डोक्याला हात लावला, तर म्हणाले, "साडूभाऊ, मानसाचा हात चुकतो. फंक्शन चुकत न्हाय."

मग त्यांचे मंगळवेढ्याचे काका वारले. बदल एका ओळीपुरता ठेवायचं साडू विसरले होते, त्यामुळे एफ सात दाबताच सगळं घराणं कैलासवासी झालं, आणि त्यांनी न बघताच फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. जेऊरहून चुलतभावाचा फोन आला, "दादा, मी हितं ज्वारीला पानी देतोय की. मला कवा मारलंस?" साडू शांत. "उलटी कमांड दिली की उटतील समदे." अक्का, म्हणजे त्यांची बायको मालती, माझी थोरली मेहुणी, स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला आदी उटवा. भाकरी करायच्या हायत." त्या दिवशी आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो.

गेल्या थंडीत अक्का गेली. वृत्तांत छापायला द्यायचा म्हणून भाऊबंदांचा तगादा चालू होता आणि साडू संगणकाकडे फिरकत नव्हते. शेवटी त्यांनीच मला बोलावलं. "तुमी दाबा. माज्यानं हुईना."

तिच्या ओळीवर जाऊन मी एफ सात दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तेच. मग फंक्शन उघडून पाहिलं, तर त्यात एक अट घातलेली होती: ओळीत 'मालती' असेल तर काही न करता परत फिर.

"ते तवाच घातलं," भिंतीकडे बघत ते म्हणाले. "समदे मेले हुते ना, त्या दिवशी. म्हटलं, परत चुकून बी तिला लागाया नको."

हातानं 'कै.' लिहायला मला एक क्षण पुरला असता. मी फाइल तशीच छापखान्यात पाठवली. पुस्तक आल्यावर जेऊरच्या भावाचा फोन आला, वैनीच्या नावात चूक राहिली म्हणून. साडूंनी फोन माझ्या हातात दिला. "राहू दे," एवढंच मी म्हणालो.