पायरीवर काढलेले बूट

कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा एक गोरा व्यापारी अमरावतीहून आमच्या गावी यायचा. त्याचं नाव आम्हाला कधीच नीट उच्चारता आलं नाही. बाबा त्याला आत बोलवायचे, पण तो हसून ओट्यावरच टेकायचा. घरात यायला बूट काढावे लागतात, ते साहेबाला कमीपणाचं वाटत असावं, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा बाबा तापाने अंथरुणाला खिळले. साहेब ओट्यावर जरा घुटमळला, मग पायरीवर बसून नाड्या सोडू लागला. मोजेही काढले. डाव्या पायाला बोटंच नव्हती. आईने पाय धुवायला पाणी ठेवलं आणि नजर वळवली.

तो बाबांच्या बाजेपाशी आला.

"बर्फ में गया," तो म्हणाला. "किसी को दिखाता नहीं."

"आता दुखते काय?" बाबांनी विचारलं.

"थंडी में."

"मंग वऱ्हाडातच राहा ना बाप्पा! इथं पाय भाजतेत, गारठत नाई."

साहेब खळखळून हसला.

बाबा बरे झाले. पुढे भाव पडले आणि साहेब विलायतेला निघून गेला. पौषातल्या गारठ्यात शेकोटीशी बसले की बाबा मधेच म्हणायचे, "साहेबाचा पाय दुखत असन."