पडद्यावरून 'येतंय' म्हणणारा माणूस

कराडहून रात्रीच्या बसला बसवायला आलेली बायको म्हणाली, "भुताचा पिक्चर बघायला मुंबईला चाललाय, हे निदान स्टँडवर तरी कुणाला सांगू नका." मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि हौसेनं एक सिनेमंडळ चालवतो. यंदा पोरांना एक जुना मराठी भयपट दाखवावा असं माझ्या मनात होतं. तरुणपणी तो मी आमच्याकडच्या थेटरात पाहिला होता आणि दोन रात्री दिवा लावून झोपलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या घरी मी गेलो, तिथल्या बाईंनी नको म्हटलं.

सिनेमा मोठा चावट होता. चाळीतली पोरं एका लेण्यात भुताचा सिनेमा काढायला जातात आणि तिथं खरंच भूत निघतं. त्यांच्यातला हिरो भुताच्या सगळ्या सिनेमांचा जाणकार. घडीघडीला थेट आपल्याकडे बघून सांगायचा, "आता दिवा जाणार. आता हा एकटा पाणी प्यायला जाणार. आणि मी मरणार नाय, कारण मी हिरो." आपण भुताचा सिनेमा आहोत हे पक्कं ठाऊक असलेला सिनेमा. असले अतिशहाणे सिनेमे काळापुढे टिकतात का, की त्यांचे विनोद शिळ्या भाकरीसारखे वाळून जातात, असा वाद मंडळात झाला; टिकतात, ही माझी बाजू. तो मिटवायचा तर सिनेमा पुन्हा बघायला हवा होता, आणि तो कुठंच मिळेना. शेवटी कळलं की हिरोचं काम करणारे विलासराव वर्षापूर्वी गेले, आणि त्यांच्या आठवणीसाठी विक्रोळीत त्यांचे शेजारी तोच सिनेमा लावणार आहेत.

वाशीचा पूल ओलांडताना उजाडत होतं. खाडीवर धुकं होतं आणि डावीकडे ट्रॉम्बेची टेकडी नुसती काळी दिसत होती, पायथ्याचे दिवे मात्र अजून चालू. पुढे उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विक्रोळीची खारफुटी दिसेल अशा रस्त्यानं नेलं. त्या झाडांत पाणी शिरलेलं होतं, वारा नव्हता, आणि तरी एकच फांदी सावकाश हलत होती. मी बघतोय असं पाहून तो म्हणाला, "बगळा असेल, साहेब." बगळा काही दिसला नाही.

कंपनीच्या जुन्या वसाहतीत दारातच एक टकले, हसरे गृहस्थ उभे होते. हे दिगंबर, विलासरावांचे जिवलग मित्र. सिनेमात सगळ्यात आधी मरतो तो हाच. "काय सर, कराडवरनं डायरेक्ट? झकास," ते म्हणाले. "मला ओळखलंत ना? माझा गळा दाबलाय भुतानं. तेव्हा केस होते हां." आत विलासरावांच्या पत्नी शालिनीताई होत्या. वसाहतीत सगळे त्यांना वैनी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

कुटुंब मालवणकडचं. वडील गिरणीत, मुलगा इथल्या कारखान्यात. नाटकाचं वेड मात्र दोन्ही पिढ्यांना. वैनींनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. तिखल्यात तिरफळं (कोकणातली एक सुगंधी फळं, चवीपुरती घालायची) होती. मी घाटावरचा माणूस, एक अख्खं चावलं. जीभ बधिर झाली आणि पुढची दहा मिनिटं मी तोतरा बोलत होतो. वैनी पहिल्यांदा हसल्या. "बाजूक काढूचा असता ओ ता," असं म्हणून त्यांनी ताटात सोलकढीची वाटी ठेवली.

जेवणानंतर त्यांनी स्वतःच सीडी लावली. रोज दुपारी लावतात, असं दिगंबर माझ्या कानात म्हणाले. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मला आमचा वाद हरल्यासारखं वाटलं. 'मोबाइलला रेंज नाय म्हणजे जवळपास भूत हाय' या वाक्याला आमचं थेटर शिट्ट्यांनी दणाणलं होतं. आता ते वाक्य आलं आणि गेलं. भुताच्या तोंडाला फासलेलं पीठ दिसत होतं. सगळ्यांत जास्त वय झालं होतं ते शहाणपणाला. हिरो जे नियम फोडून सांगत होता, ते आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

मग विलासराव कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "घाबरू नका, मी मरणार नाय." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर त्यांच्या फोटोला हार होता आणि त्याच्याखाली पडद्यावर ते हे सांगत होते. मी खुर्ची जरा मागे सरकवली. या वाक्याला कराडात कुणी भ्यालेलं मला आठवत नाही.

सिनेमात जागोजाग आणखी एक प्रकार होता. हिरो मधेच हात जोडून गाऱ्हाणं (देवापुढे मोठ्यानं मांडलेली विनंती) घालतो. "बा देवा म्हाराजा, इंटरवलच्या आदी कोणाक मारू नको रे म्हाराजा." आणि गप्प उभा राहतो. बराच वेळ. कराडात आम्हाला वाटायचं मशीन अडकलं. आम्ही ऑपरेटरच्या नावानं बोंब मारायचो. इथं त्या शांततेत दिगंबर सहज म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं. गावी एक जण गाऱ्हाणं घालतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. "विलासनं पब्लिकसाठी जागा सोडलीय. डायरेक्टर कापायला बघत होता. विलास बोलला, कापलंस तर मी कामच करणार नाय."

शेवट जवळ आला. हिरोला कळतं की सगळ्यांच्या आधी आपणच मेलोय. इतके नियम ठाऊक असून एवढंच ठाऊक नव्हतं. तो लेण्यात उभा राहून शेवटचं गाऱ्हाणं घालायला हात जोडतो. तेवढ्यात वैनींनी रिमोट दाबला. पडदा निळा झाला.

"ही रोज इथेच बंद करते," दिगंबर म्हणाले. "उद्या हॉलमध्ये पूर्ण लावायचाय, वैनी. बोललोय मी लोकांना."

वैनींनी रिमोट मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे बघून, परक्याला सांगणं सोपं जातं म्हणून असेल, त्यांनी सांगितलं. "कामावर जातना ते दारातसून म्हणत, येतंय गो. मी म्हणायचंय, येवा. रोजचा. त्या दिवशी मी मिक्सरार वाटप काढी होतंय. माका ऐकाक इला, पण मिक्सर बंद कोण करता. उत्तर नाय दिलंय." ('येतंय' म्हणजे 'येतो', 'येवा' म्हणजे 'या'.) विलासराव त्या दिवशी बसस्टॉपवरच कोसळले होते. "ह्या पिक्चरात पण ते शेवटाक 'येतंय' म्हणतत. उद्या सगळी जणां व्हय म्हाराजा म्हणतली. म्हणजे ते जातले. आणि कोण नाय बोललो, तर थयच (तिथंच) उभे ऱ्हवतले. मी काय करू, ता सांगा."

वर्गात मी तासभर बोलू शकतो, पण तिथं तिरफळ खाल्ल्यासारखं तोतरं 'बघू' म्हटलं आणि दिगंबरना सिनेमातल्या लेण्याचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरहून मेट्रोनं हायवेपर्यंत आणि मग रिक्षानं जोगेश्वरीला गेलो. सिनेमा तिथल्या लेण्यात घडतो, असं दिगंबर म्हणाले होते. वस्तीच्या मधोमध पायऱ्या उतरल्या की एकदम अंधार आणि गारवा. डोक्यावर लोकांची घरं, आत जोगेश्वरीचं ठाणं. दगडातून पाणी ठिबकत होतं. देवीला नमस्कार करून मी बाजूच्या खांबांत गेलो आणि विलासराव जिथे उभे राहिले असतील असं वाटलं, तिथे उभा राहिलो. आजूबाजूला कुणी दिसेना. गंमत म्हणून हळूच म्हटलं, "बा देवा म्हाराजा, इंटरवलच्या आदी कोणाक मारू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अंधारातून उत्तर आलं.

मी खांबाआड डोकावलं. खांबाच्या मागे, भिंतीला पाठ लावून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर काठी. त्यांना माझं भय दिसलं असावं. "भियालात काय? सवय आमची," ते म्हणाले. "गाऱ्हाणा कानार इला की तोंडातसून येताच. कोणाचाय असांदे."

"आणि नाहीच उत्तर दिलं तर?"

"गाऱ्हाणा मोकळा सोडू नये." काठी टेकून ते उठले. "मागणारो थांबान ऱ्हवता."

मी बाहेर उन्हात येऊन दोन कटिंग चहा पाठोपाठ घेतले. वैनी काल जे बोलल्या ते मी दुःखाचं बोलणं समजलो होतो. आता ती रीत आहे हे कळलं, आणि रीत म्हटल्यावर मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळच्या आत, चारेक वाजता, वसाहतीच्या हॉलमध्ये सगळे जमले. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. बायका, म्हातारे, कामावरून अर्धी सुट्टी घेतलेले पुरुष. सिनेमा सुरू झाला आणि मी आदल्या दुपारी पाहिलेला तो हा नव्हेच, असं वाटू लागलं. विलासराव गाऱ्हाणं घालत आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा." त्या लांबलेल्या जागा तंतोतंत भरत होत्या. उत्तर मिळालं की पडद्यावर ते मान डोलावत आणि पुढे बोलत. "जे फुकटात बघूक बसलेत, तेंका भूत आदी दिसांदे रे म्हाराजा." हॉल हसत हसत, "व्हय म्हाराजा." रेंजच्या विनोदाला इथेही कुणी हसलं नाही. पण ते मान डोलावणं बघून मला वाटलं, आपण सिनेमा बघत नाही, कुणीतरी आपल्याला बघतंय.

वैनी पहिल्या रांगेत कडेला होत्या. हातात रिमोट नव्हता. दिगंबरनी मला आधीच सांगितलं होतं, "शेवटचं गाऱ्हाणं कोण उचलणार नाय. वैनीसाठी सोडा, असं बोललोय मी. तिला वाटलं तर तिनं बोलायचं."

शेवट आला. विलासराव लेण्यात एकटे, मागे काळोख. "सगळ्यांच्या आदी मीच मेलंय, आणि माकाच म्हायती नाय," ते म्हणाले. मग हात जोडले. "येतंय रे म्हाराजा."

आणि ते थांबले. कान देऊन, मान किंचित तिरकी करून. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. कुणी बोललं नाही. वैनी बोलल्या नाहीत. मी कराडात पाहिलं होतं, तेव्हाही ही जागा मोठी होती, पण इतकी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडाशी धरला. म्हणून टाका कुणीतरी, असं माझ्या जिभेवर आलं होतं.

"येवा," वैनी म्हणाल्या.

व्हय म्हाराजा नाही. रोज सकाळी दारात म्हणायच्या तेच. शेजारच्या बाईनं श्वास आत ओढला. गेलेल्या माणसाला 'ये' म्हणत नाहीत. दुखवट्याच्या घरातून निघतानासुद्धा 'येतो' म्हणत नाहीत, ही आपल्याकडेही रीत आहे. वैनींना ती ठाऊक नव्हती असं कसं म्हणू. पण वर्षभर अडकलेला शब्द तोंडातून निघाला तो असा.

पडद्यावर विलासरावांनी मान डोलावली. हसले. माझ्या आठवणीत हिरो पाठ फिरवून लेण्याच्या आत, काळोखात निघून जातो. मला ती पाठ चांगली आठवते, तिच्यावरचा घामाचा डागसुद्धा. इथे ते पुढे आले. एकेक पाऊल टाकत, आमच्या दिशेनं, पडदा सगळा त्यांच्या सदऱ्यानं भरून काळा होईपर्यंत.

सतरंज्या काढल्या तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मी दिगंबरना बाजूला घेतलं. "शेवट बदललाय का हो?"

"शेवट एकच हाय, सर," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तो आत जातो. आतच जातो." आणि मग स्वतःशी, "मी नीट बघितलं नसेल."

निघण्याआधी वैनींच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं. त्यांनी चहा टाकला होता, चेहरा शांत होता, आणि मिक्सर ओट्यावरून काढून वर फळीवर ठेवला होता. दिगंबरनी माझ्यासाठी सिनेमा पेनड्राइव्हवर घालून दिला. उठताना मी उंबऱ्याशी घुटमळलो. काय बोलून निघावं कळेना. वैनींनी ते ओळखलं. "येतंय म्हणा हो," त्या म्हणाल्या. "हय, ह्या घरात आता चालता." मी 'येतो' म्हटलं. "येवा," त्या म्हणाल्या. खाली रस्त्यापर्यंत जाऊन वर पाहिलं, तर दार तसंच उघडं.

कराडला परतल्यावर मंडळात सिनेमा लावला. वाद मिटला असं म्हणता येणार नाही. पोरांना विनोद जुनाट वाटले आणि ते बरोबरच आहे. स्वतःला हसणारा सिनेमा लवकर म्हातारा होतो, कारण ज्यावर तो हसतो ते आधी विसरलं जातं. पण त्यात जो माणूस आपल्याकडे बघून बोलतो, तो मेल्यावर सिनेमाचं काहीतरी बदलतं. तेव्हा तो कुणाकडे बघत होता, हा प्रश्न नव्याने पडतो. असले सिनेमे टिकतात, पण आपण ज्यासाठी पाहिले त्याच्यासाठी नाही. एवढंच माझं मत झालं आहे.

पोरांना मी 'व्हय म्हाराजा' म्हणायला शिकवलं होतं आणि त्यांनी ते दणक्यात म्हटलं. शेवटच्या जागेला मात्र गप्प राहा, असं बजावलं. विलासराव म्हणाले, "येतंय रे म्हाराजा." वर्गात शांतता. त्यांनी मान डोलावली, पाठ फिरवली आणि काळोखात निघून गेले. सदऱ्यावर घामाचा डाग होता.

तोच पेनड्राइव्ह, तोच सिनेमा. मला राहवेना. वैनींना फोन लावला आणि सांगितलं, की आमच्याकडे ते आत गेले, पूर्वीसारखे, पाठ फिरवून.

मग वैनी म्हणाल्या, "तर मग थयसून निघाले असतले. हय येवक."